दाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

मे महिना सरत आला की डहाणू-तलासरीतल्या शेतकऱ्याला एक गोष्ट ठरवावीच लागते: यंदा राबात कोणतं बी टाकायचं? कणगीतलं घरचं, कर्जतचं सुधारित, की दुकानातलं संकरित? बहुतेक वेळा पिशवीचा भाव आणि एकरी उतारा पाहून हे ठरतं. पण त्याच्या मुळाशी जीवशास्त्रातला एक वाद आहे. भाताचा दाणा धरतो आणि भरतो तो केंद्रकातल्या जनुकांच्या सत्तेने, की आईकडून आलेल्या तंतुकणिकांच्या बळाने? पुढच्या संवादातले मामा तलासरी तालुक्यातले निवृत्त कृषी सहाय्यक आहेत. त्यांची भाची डहाणूत वनस्पतिशास्त्र शिकवते. दोघंही कल्पित आहेत. ज्यांच्यावरून ते भांडतात ते वाण, ती जनुकं आणि ती सालं मात्र खरी आहेत.

भाची : मामा, वरच्या पाड्यावरच्या काकींचं भात पाहिलंत ना गेल्या हंगामात? आदल्या वर्षीच्या संकरित भातातलं बी त्यांनी राखून पेरलं होतं. एका रोपाची लोंबी भाराने वाकलेली, आणि त्याला लागून असलेलं रोप ताठ उभं, सगळे दाणे पळींज.

मामा : हायब्रीडचं बी राखायचं नाही, हे मी नोकरीभर ओरडून सांगितलं. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, जोम जातो.

भाची : जोम गेला तर सगळीच रोपं थोडीथोडी खुरटतील. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणी आधी निसवेल, कुणी नंतर. पण काही रोपांत दाणाच धरत नाही, ते का? ढेकण्या म्हणाल, तर तो असा रोप निवडून रस शोषत नाही. फुलोऱ्यात पावसाने झोडपलं असतं, तर सगळ्याच खाचराला झोडपलं असतं. काकींना वाटलं, जमीन रुसली. त्यांना खरं कारण कुणी सांगितलंच नाही.

मामा : कारण साधं आहे. आर लाइनचं जनुक काही रोपांना मिळालं, काहींना मिळालं नाही.

भाची : मग ही आर लाइन काय भानगड आहे, ते तुमच्याच तोंडून ऐकू द्या. विज्ञान मी नंतर सांगते.

मामा : भाताच्या फुलात नर आणि मादी एकाच तुसाच्या आत. फूल उघडं राहतं जेमतेम तासभर, तेवढ्यात स्वतःचेच पराग स्वतःवर पडून काम उरकतं. अशा पिकाचं संकरित बी दुकानात विकण्याइतकं बनवायचं, तर चिमट्याने परागकोष काढत कोण बसणार? ज्याचे पराग मुळातच निकामी आहेत असं मादी रोप हवं. ते १९७० साली चीनच्या हैनान बेटावर मिळालं. युआन लाँगपिंग यांच्या चमूतल्या ली बिहू यांना रानभातात एक रोप दिसलं, त्याचे पराग अर्ध्यातच सुकून गेलेले. इंग्रजीत त्याला 'वाइल्ड अबॉर्टिव्ह' नाव पडलं, आम्ही नुसतं डब्ल्यूए म्हणतो. १९७६ पासून चीनमध्ये संकरित भात मोठ्या क्षेत्रावर पसरला. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८९ मध्ये कार्यक्रम हाती घेतला, १९९४ मध्ये पहिले वाण आले आणि १९९८ मध्ये आपल्या दापोली विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने 'सह्याद्री' दिला. त्याची आई आयआर ५८०२५ ए. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून आलेली. देशातल्या पुष्कळ संकरित वाणांची आई तीच.

भाची : आणि त्या आईच्या पेशींत डब्ल्यूएच्या तंतुकणिका.

मामा : हो, पण ती लाइन तयार कशी करतात ते ऐक. रानभाताची तंतुकणिका असलेलं रोप आई धरायचं आणि त्यावर चांगल्या वाणाचे पराग टाकायचे. निघालेल्या रोपावर पुन्हा त्याच वाणाचे. असं सहा वेळा केलं की केंद्रकातला नव्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग चांगल्या वाणाचा होतो. ही ए लाइन. तिचे पराग निकामी, म्हणून तिचा वंश चालवायला बी लाइन: केंद्रक तेच, पेशीद्रव्य साधं. आणि शेतकऱ्याच्या पिशवीत येतं ते ए आणि आर यांच्या संकराचं बी. आर लाइनच्या केंद्रकात असं जनुक असतं की पराग पुन्हा कामाला लागतात, दाणा धरतो. सगळा कारभार केंद्रकाचा. रानभाताची तंतुकणिका हे त्यातलं एक अवजार.

भाची : तुम्हीच सांगितलंत, ए आणि बी लाइनचं केंद्रक एकच. तरी बी लाइन दाण्यांनी भरते आणि ए लाइन एकटी ठेवली तर पळींज राहते. सगळा कारभार केंद्रकाचा असता तर दोन्ही सारख्याच भरल्या असत्या.

मामा : आकड्यांनी बोलू मग. भाताच्या केंद्रकात बारा गुणसूत्रं, त्यात सुमारे एकोणचाळीस कोटी अक्षरं. आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने त्यांचं वाचन २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. अकराव्या गुणसूत्राच्या कामात आपल्या देशाचाही वाटा होता. तंतुकणिकेच्या डीएनएत अक्षरं पाच लाखांनाही कमी. तिथली जनुकं पस्तीसच्या आसपास प्रथिनं बनवतात. बाकीची, अंदाजे दोन हजार, केंद्रकाच्या जनुकांवरून बनून आत जातात. म्हणजे सातबारा केंद्रकाच्या नावावर, तंतुकणिका नुसती कसते.

भाची : तलासरीत बसून कसणाऱ्याला 'नुसती' म्हणता, मामा? १९४५ साली इथल्याच झरी गावात वारल्यांनी वेठीला नकार दिला, तेव्हा कागद सगळे जमीनदार-सावकारांकडेच होते. राबणारे हात थांबले, तेव्हा कागदाला काय किंमत राहिली? उपमा तुमची चांगली आहे, पण अर्ध्यावर सोडलीत.

मामा : बरं बाई, पेशीतले हात कसे थांबतात ते सांग.

भाची : डब्ल्यूएच्या तंतुकणिकेत एक जादा जनुक आहे. रानभातात कधीतरी तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे मोडून उलटसुलट जुळले आणि त्यातून ते जन्मलं. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी त्याचा उलगडा केला. त्याचं प्रथिन ३५२ अमिनो आम्लांचं, म्हणून नाव डब्ल्यूए ३५२. परागकोषाच्या आतून परागकणांना पोसणारा एक थर असतो. पराग घडायच्या ऐन वेळी हे प्रथिन त्या थरात साठतं आणि सीओएक्स ११ नावाच्या प्रथिनाला जखडतं. सीओएक्स ११ चं जनुक केंद्रकात, काम तंतुकणिकेत. पेरॉक्साइडसारखी जाळणारी द्रव्यं आटोक्यात ठेवण्यात त्याचा हात असतो. ते जखडलं की पोसणारा थर वेळेआधीच मरतो आणि पराग अर्धवट राहतात. मादीची बाजू धडधाकट असते. बाहेरून पराग आले की दाणा धरतो.

मामा : आणि आर लाइनचं जनुक त्यावर उतारा.

भाची : मुख्य उतारे दोन. आरएफ ३ पहिल्या गुणसूत्रावर, आरएफ ४ दहाव्यावर. आरएफ ४ मुळे त्या जनुकाचा आरएनए घटतो, आरएफ ३ मुळे प्रथिन साठत नाही. तंतुकणिकेतलं मूळ जनुक जागच्या जागी राहतं, फक्त त्याचं चालत नाही. आता काकींचं खाचर बघा. पिशवीतल्या बियाण्याच्या प्रत्येक रोपाला आर बापाकडून उताऱ्याची एक प्रत मिळालेली असते, म्हणून पहिल्या वर्षी सगळं शेत भरतं. त्याच भाताचं बी पेरलं की प्रतींची वाटणी होते. एकच प्रभावी जनुक धरलं तर चारांतल्या एका रोपाला एकही प्रत मिळत नाही. दोन असतील तर पूर्ण पळींज रोपं कमी, अर्धवट भरलेली जास्त. तंतुकणिका मात्र आईकडून येते, त्यामुळे ती प्रत्येक रोपात असतेच. उतारा वाटून घ्यावा लागतो, दुखणं सगळ्यांना आख्खं मिळतं.

मामा : त्यात भात शेजाऱ्याचे पराग फारसे घेत नाही. डब्ल्यूएच्या नर-वंध्य रोपाची लोंबी पोटरीतून पुरती बाहेरही पडत नाही. बीजोत्पादनात म्हणूनच जिबरेलिक आम्ल फवारतात, फुलोऱ्यात दोर ओढून पराग उडवतात. तेलंगणात करीमनगर-वरंगळकडे ही कामं करणारी गावंच्या गावं आहेत. देशातलं बहुतेक संकरित भाताचं बी तिथून येतं. काकींच्या खाचरात दोर कोण ओढणार? तर हे सगळं पटलं. पण यातून माझंच खरं ठरतं. तंतुकणिका बिघडवते, केंद्रक सावरतं.

भाची : बिघडवतं कोण, इथेच माझं भांडण आहे. चिनसुरा बोरो-२ हा बंगालमधला जुना भात. स्वतःच्या शेतात तो व्यवस्थित पिकतो. १९६० च्या दशकात जपानमध्ये शिंजो या संशोधकांनी त्याला आई धरलं आणि तुम्ही सांगितलीत तीच रीत केली; तैचुंग-६५ या जपोनिका वाणाचे पराग पिढ्यान्‌पिढ्या टाकत राहिले. केंद्रक पुरतं बदललं आणि रोप नर-वंध्य झालं. ओआरएफ ७९ हे तंतुकणिकेतलं कारणीभूत जनुक पुढे सापडलं. ते बोरोत पहिल्यापासून होतं. पण बोरोच्या केंद्रकात त्याला गप्प ठेवणारं आरएफ १ सुद्धा पहिल्यापासून होतं. दोघं एकत्र होती तोवर कुणाला काही कळलंच नाही. तंतुकणिकेत काडीचा बदल झाला नव्हता; तिच्याजवळचं केंद्रक काढून घेतलं होतं. मग बिघाड कुणाचा?

मामा : संकर करणाऱ्याचा.

भाची : म्हणूनच मी एकट्या केंद्रकाला श्रेय देत नाही. कितीतरी पिढ्या एका पेशीत राहून जुळलेली ही जोडी असते. ती तोडली की दोघांचंही अडतं, आणि ते पहिल्यांदा दिसतं बीजात.

मामा : तुझी सगळी उदाहरणं परागांची. पराग झाले म्हणजे दाणा झाला का? परागण झाल्यावर महिनाभर दाण्यात दूध भरतं, चीक घट्ट होतो, तिथे कुणाचं चालतं? दाणा बारीक की जाड, सुवास आहे की नाही, भात मोकळा होतो की चिकट, ही सगळी जनुकं केंद्रकातली.

भाची : तिथे तर जोडीशिवाय पानही हलत नाही. परागनळीतून दोन नर पेशी येतात. एक अंडपेशीशी मिळून भ्रूण होतो. दुसरी आईच्या दोन केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे आपण खातो तो तांदूळ. त्याच्या केंद्रकात आईचे दोन वाटे, बापाचा एक. तंतुकणिका सगळ्या आईच्या. जाता जाता हेही लक्षात घ्या, की संकरित भाताच्या लोंबीतला दाणा म्हणजेच दुसरी पिढी. एकाच लोंबीतल्या दाण्यांत गुण फुटलेले असतात, म्हणून तो तांदूळ शिजताना एकसारखा वागत नाही.

मामा : ते गिऱ्हाईकही सांगतं. आयआर ५८०२५ च्या पोटच्या वाणांचा भात चिकट होतो, अशी तक्रार जुनी आहे. पुढे बोल.

भाची : पानांतून आलेल्या साखरेचा स्टार्च व्हायचा तर आधी एडीपी-ग्लुकोज बनावं लागतं आणि त्यासाठी तंतुकणिकेकडून येणारी ऊर्जा, म्हणजे एटीपी, खर्ची पडते. वाढत्या दाण्याच्या आत ऑक्सिजन आधीच कमी. तंतुकणिका जराशी मंदावली तरी दाण्याचं पोट पांढुरकं, पिठूळ राहतं आणि गिरणीत तुकडा पडतो.

मामा : हे अनुमान, की कुणी करून पाहिलंय?

भाची : करून पाहिलंय. केंद्रकात पीपीआर नावाच्या जनुकांचं एक मोठं कुटुंब असतं. माणसात ती सातच आहेत. भातात साडेचारशेहून जास्त. त्यांची बहुतेक प्रथिनं तंतुकणिकेत किंवा हरितलवकात जातात आणि तिथल्या आरएनएची डागडुजी करतात: कुठे कापायचं, कुठे जोडायचं, कुठलं अक्षर बदलायचं. २००९ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी भातातलं ओजीआर १ हे जनुक बंद पडलं तर काय होतं ते दाखवलं. तंतुकणिकेच्या पाच आरएनएंवरची सात अक्षरं बदलायची राहून गेली. रोप खुजं, दाणे अपारदर्शक. २०१९ मध्ये फ्लो १० हे जनुक कळलं. ते नसेल तर तंतुकणिकेच्या श्वसनयंत्रणेतल्या एका प्रथिनाचा आरएनए नीट जोडला जात नाही आणि तांदूळ आतून पिठूळ होतो. मक्यात ईएमपी ४ आहे, २००७ मधलं काम. ते बिघडलं की आईकडून साखर ओढून घेणारा दाण्याच्या बुडाचा थरच नीट घडत नाही. कणसावर दाण्याच्या जागी नुसतं टरफल.

मामा : जनुकं सगळी केंद्रकातली. पुन्हा माझ्याच पारड्यात.

भाची : जनुक केंद्रकातलं, पण त्याच्या असण्याचं कारण तंतुकणिकेत. तिचा आरएनए या डागडुजीशिवाय चालतच नाही. आणि आरएफ १, आरएफ ४ हीसुद्धा याच पीपीआर कुटुंबातली. म्हणजे तंतुकणिकेला सांभाळून दाणा भरू देणारी जनुकं आणि तिला आवरून पराग वाचवणारी जनुकं एकाच घराण्यातली आहेत. केंद्रकाचा एवढा मोठा कुटुंबकबिला जिच्या तैनातीला आहे, तिला तुम्ही अवजार म्हणालात.

मामा : हे घराण्याचं मला नवीन आहे, कबूल. पण मी शेतावरून विचार करतो. इथे माणसाकडे खाचर किती? कुणाकडे अर्धा एकर, कुणाकडे एक. तेवढ्याच तुकड्यात पंधरा-वीस टक्के भात जास्त आला, तर वीटभट्टीवर जायचे दिवस तेवढे लांबतात. हेक्टरी पंधरा-वीस किलो बियाण्यात आवणी होते. कोळपी आणि डांगी या जुन्या वाणांचं गुणगान शहरात फार चालतं. गाणारे सगळे तांदूळ दुकानातून आणतात.

भाची : जास्त भात येण्याला माझी ना नाही. आई एकच असण्याला आहे. अमेरिकेत १९७० साली मक्याचा सुमारे ८५ टक्के पेरा टेक्सास पेशीद्रव्याच्या बियाण्याचा होता. तुरे खुडायची मजुरी वाचते, म्हणून बहुतेकांनी तीच आई घेतली. केंद्रकं कितीतरी प्रकारची होती. त्या वर्षी करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार पसरला. तिचं विष टेक्सासच्या तंतुकणिकेतल्या एका प्रथिनाला गाठायचं आणि तंतुकणिकेच्या पडद्याला छिद्रं पाडायचं. गंमत अशी, की नर-वंध्यत्वही त्याच प्रथिनाने यायचं. ज्या गुणासाठी आई निवडली, तोच घातक ठरला. देशाचं अंदाजे १५ टक्के पीक बुडालं. केंद्रकातली विविधता त्या वर्षी कामी आली नाही.

मामा : मक्याची गोष्ट सगळे सांगतात, बाजरीची कुणी सांगत नाही. एचबी-१ हा आपला पहिला संकरित बाजरी वाण, १९६५ चा. त्याची आई टिफ्ट २३ ए, अमेरिकेतल्या जॉर्जियात ग्लेन बर्टन यांनी तयार केलेली. सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने त्या घराण्याचे वाण झोपवले. तेव्हाही बोट पेशीद्रव्याकडे दाखवलं गेलं. तपासणीत दिसलं की पेशीद्रव्य निर्दोष होतं, रोगाला बळी पडणारी जनुकं त्या लाइनच्या केंद्रकात होती. मग तेच पेशीद्रव्य रोग सोसणाऱ्या केंद्रकांना जोडलं आणि नाशिक-नगरकडे संकरित बाजरी टिकून राहिली. डब्ल्यूए भाताला तर पन्नास वर्षं होऊन गेली. टेक्साससारखं काही घडलेलं नाही.

भाची : बाजरीचं मान्य, हे उदाहरण मी वर्गातही सांगेन. पण 'अजून काही घडलं नाही' याला मी हमी म्हणणार नाही. टेक्सासची आई या रोगाला जास्त बळी पडते, हे फिलिपिन्समध्ये १९६१ सालीच नोंदलं गेलं होतं. अमेरिकेने ते मनावर घेतलं नाही. आपल्याकडचे बहुतेक संकरित भात आजही डब्ल्यूएच्याच कुशीतले आहेत.

मामा : तुझ्या तंतुकणिकेला वगळूनही संकर होतो, हे विसरू नकोस. १९७३ मध्ये चीनच्या हुबेईत असं भात सापडलं की ज्याचं नर-वंध्यत्व केंद्रकातल्या जनुकाने येतं आणि दिवस किती मोठा, तापमान किती, त्यावर ठरतं. एका हवामानात ते मादी म्हणून वापरायचं, दुसऱ्या हवामानात त्याचंच बी वाढवायचं. बी लाइन नको, रानभाताची आई नको.

भाची : आणि बीजोत्पादनाच्या ऐन दिवसांत गारठा पडला, तर तीच मादी स्वतःचे पराग देऊ लागते, पिशवीत भेसळ. पण वाट म्हणून ती खुली हवीच. माझा आग्रह अनेक वाटांचा आहे. मला खटकते ती दुसरी गोष्ट. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिला आहे. छापील नावाच्या पिशवीत विकता येत नाही, एवढंच. संकरित भाताच्या बाबतीत हा हक्क कागदावर शाबूत राहतो आणि परागकोषात संपतो. काकींनी कायदा मोडला नव्हता. त्यांना फक्त माहिती नव्हती.

मामा : बी राखण्यावरच सगळं का अडवतेस? डहाणू-घोलवडच्या चिकूकडे बघ. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोण बी राखतं त्याचं? खिरणीच्या खुंटावर कलम बांधलं की झालं.

भाची : कलमाच्या काडीत केंद्रक आणि तंतुकणिका जशीच्या तशी, एकत्र येतात. जोडी तुटतच नाही. चिकूवाल्याला ही अडचण कधी आलीच नाही. आणि भातातही ती सगळ्यांना नाही. कर्जत-३ सारखा सरळ वाण घेतला तर केंद्रक आणि तंतुकणिका एकमेकांना धरून असतात. भेसळ टाळून निवडलेलं बी काही वर्षं घरी राखता येतं. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नसावा. बी सरळ आहे की संकरित, हे आधी विचारावं.

मामा : हे कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मेळाव्यात मीही सांगत आलो. पण सरळ वाण आणि जुने वाण यांत तू गल्लत करतेस. डांगी-कोळपी राखून माझ्या संकराला काय मिळणार?

भाची : तुमच्या आर लाइनला तिचं जनुक मिळालं कुठून? डब्ल्यूएला आवरणारी जनुकं जपोनिका भातात जवळपास नसतात. इंडिकात ती ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. कोणत्या भातात ती आहेत हे कागदावर कळत नाही. ते भात ए लाइनवर टाकावं लागतं. निघालेल्या रोपांना दाणा धरला, तर तो संभाव्य आर बाप. ती पळींज राहिली, तर त्या भातातून नवी बी लाइन करता येते. दोन्ही कामाचेच. वाडा कोलमला २०२१ मध्ये मानांकन मिळालं, त्याची किंमत बाजाराला कळली. जव्हारकडे बायफ या संस्थेने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन जुनी भातं राखली. पण जे वाण कुणी नोंदवलेच नाहीत, ते पाड्यावरच्या एखाद्या कणगीत असतील तर असतील. शिवाय चिनसुरा बोरो आठवा. नवी आईसुद्धा अशाच कणगीतून येऊ शकते.

मामा : म्हणजे डांगी जगली तर हायब्रीड सुधारेल. हे जरा वेगळं झालं. आतापर्यंत डांगी राखा म्हणणारे मला हायब्रीड सोडा म्हणायचे. बरं, उद्या डांगीत असं जनुक निघालं, त्यावर कुणी वाण विकला, तर ज्याच्या कणगीतून ते गेलं त्याला काय?

भाची : त्याच कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी आहे, लाभाच्या वाटपाची तरतूद आहे.

मामा : तरतुदी मी खूप वाटल्या, पोरी. नोंदणीचा अर्ज भरायला पाड्यावर कोण येतं, ते सांग.

भाची : तिथे मी तुमच्याशी भांडत नाही. माझी पोरं घेऊन मी येते, वाणाचं वर्णन आम्ही लिहू. पण शेतात उभं राहून कुठलं डांगी आणि कुठलं भेसळ, हे तुम्हालाच ओळखावं लागेल.

मामा : येईन. तरी खालच्या पाण्याच्या खाचरात मी संकरितच लावणार. मधल्यात कर्जत-३. वरकसावर घरचं हळवं, तिथे दुसरं काही तग धरत नाही.

भाची : लावा. फक्त खालच्या खाचरातलं बी कणगीत जाऊ देऊ नका, आणि काकींना सांगताना 'जोम जातो' एवढ्यावर थांबू नका.

मामा : सांगेन, की आईचं दुखणं प्रत्येक रोपाला मिळतं आणि बापाचा उतारा काहींनाच. त्या लगेच विचारतील, दुखण्याची आई आणलीच कशाला?

भाची : काय उत्तर द्याल?

मामा : तिच्याशिवाय संकर होत नव्हता आणि एवढ्याशा खाचरात पोट भरत नव्हतं. तू काय सांगशील?

भाची : आणली ते ठीक केलं. जवळपास देशभर एकच आणली आणि तिचं नावसुद्धा पेरणाऱ्याला सांगितलं नाही, ते ठीक केलं नाही.